जुन्या सिल्व्हराडोला ट्रेलरचे आरसे: आधी दाराच्या आत काय आहे ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डॅलसजवळ राहता, २००४ ची शेवरले सिल्व्हराडो १५०० पिकअप ट्रक आहे, सेकंडहँड घेतलेली. आता २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतलाय. डाव्या आरशाची काच तडकलीय, दोन्ही आरसे हायवेला थरथरतात आणि ट्रेलर जोडला की मागे पत्र्याच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. विकायला दिसतात ते आरसे इंडिकेटरवाले, गरम होणारे, बाहेर सरकणारे. त्यातले कुठले घ्यावेत आणि घरच्या घरी बसवता येतील का, एवढं तुम्हाला हवंय.

मी उत्तर इंडियानात असतो, एल्कहार्टपासून जवळच. अमेरिकेतले बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर आणि आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या गाड्या) याच भागात तयार होतात, त्यामुळे इथे ट्रेलर ओढणारी गाडी ही आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातल्या ट्रॅक्टरइतकी नेहमीची गोष्ट. हिच (ट्रेलर जोडायचा आकडा) लावणं, ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक ड्रायव्हरजवळून चालवणारं उपकरण), ट्रेलरची वायरिंग आणि आरसे, हेच काम गेली वीसेक वर्षं करतोय. तुमच्या ट्रकच्या पिढीच्या सिल्व्हराडो आणि त्यांच्या जुळ्या जीएमसी सिएरा तर इतक्या हाताखालून गेल्यात की दाराचं पॅनल डोळे मिटून काढेन.

तुम्ही तीन तक्रारी एका गाठोड्यात बांधल्यात. काच तडकलीय, आरसा थरथरतो आणि ट्रेलरच्या मागचं दिसत नाही. यातल्या फक्त तिसऱ्या तक्रारीला नवा आरसा लागतो. पहिल्या दोन्ही बऱ्याचदा शनिवारच्या सकाळी, थोड्या पैशांत मिटतात. आणि कुठला आरसा घ्यायचा याचं उत्तर दुकानातल्या फोटोत मिळणार नाही, ते तुमच्या दाराच्या आत आहे. म्हणजे तिथे आधीच कुठल्या वायरी आल्यात त्यात.

आधी दिसण्याचं बोलू. तुमच्या ट्रकची रुंदी साधारण ७८.५ इंच, आरसे सोडून. ट्रॅव्हल ट्रेलर बहुतेक ९६ इंचांचे, म्हणजे ८ फुटी. काही १०२ इंचांचेही असतात. ९६ धरला तरी ट्रेलर ट्रकच्या दोन्ही बाजूंना पावणेनऊ-पावणेनऊ इंच बाहेर आला. तुमचा डोळा गाडीच्या आत, आरसा दाराच्या कोपऱ्यावर. मागची लेन दिसायची तर आरशाचा बाहेरचा भाग ट्रेलरच्या भिंतीच्याही बाहेर जायला हवा, नाहीतर नजर त्या भिंतीवरच आपटते. मूळ आरसा जेमतेम त्या रेषेपर्यंत पोचतो. म्हणून तुम्ही तो कितीही फिरवलात तरी एकतर ट्रेलरची बाजू दिसणार, नाहीतर शेजारच्या शेताचं कुंपण. आरसा खराब नाही, तो आखूड आहे.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. टेक्सासमध्ये ओढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला गाडीच्या मागचा रस्ता किमान २०० फूट, म्हणजे सुमारे ६१ मीटर, आरशात दिसला पाहिजे. कॅलिफोर्नियातही हाच आकडा. दुकानदार ‘स्ट्रीट लीगल’ (रस्त्यावर कायदेशीर) म्हणून जे विकतो त्याकडे लक्ष देऊ नका, हे २०० फूट तुम्ही स्वतः तपासा.

मी गिऱ्हाइकाला असं करायला लावतो. मोकळ्या पार्किंगमध्ये ट्रेलर सरळ जोडून उभा करायचा. ड्रायव्हर आपल्या नेहमीच्या सीटवर, पट्टा लावून, जसा रोज बसतो तसा. मी रस्त्यावर ठेवतात तसला केशरी शंकू, म्हणजे कोन, हातात घेऊन ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यापासून शेजारच्या लेनच्या मधोमध चालत मागे जातो आणि दर वीस पावलांना कोन खाली ठेवतो. “दिसतोय?” “दिसतोय.” “आता?” “...थांबा, गेला.” तो कुठे गेला तिथे खडूने रेघ. मग दुसरी बाजू. उजव्या बाजूला माणसं नेहमी चकित होतात, कारण तिथे डोळ्यापासून आरसा लांब असतो आणि दिसणारी पट्टी अरुंद होते. या दोन खडूच्या रेघा काढायला दहा मिनिटं लागतात आणि त्या बघून गिऱ्हाईक आपणच ठरवतो की आरसे बदलायचे की नाही. तुमच्याकडे कोन नसेल तर घडीची खुर्ची घ्या, काम तेच.

आता आरशाच्या काचेबद्दल एक गोष्ट, जी आपल्यासारख्या भारतात गाडी शिकलेल्यांना कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या नियमानुसार ड्रायव्हरच्या बाजूचा मुख्य आरसा सपाट काचेचा असावा लागतो. उजव्या बाजूचा बहिर्गोल चालतो, पण त्या गोलाईची त्रिज्या ८८९ ते १६५१ मिलिमीटरच्या मध्येच हवी आणि त्यावर ‘वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत’ अशा अर्थाचं वाक्य कोरलेलं हवं. भारतातल्या बऱ्याच गाड्यांना दोन्ही बाजूंना बहिर्गोल काच असते, म्हणून तिथून आलेल्या माणसाला इथला डावा आरसा चोरून बघितल्यासारखा अरुंद वाटतो. तो बिघडलेला नाही. अंतराचा खरा अंदाज सपाट काचच देते, आणि मागे सात-साडेसात मीटरचं धूड असताना लेन बदलायची तर तो अंदाज लागतोच.

म्हणून ट्रेलरसाठीचे चांगले आरसे दोन काचांचे असतात. वरची मोठी सपाट, खालची छोटी बहिर्गोल. वरच्या काचेत लांबचं आणि खरं अंतर, खालच्या काचेत ट्रेलरचं चाक आणि शेजारी घुसलेली छोटी गाडी. खालच्या काचेवर बघून लेन बदलायची नाही. तिथे गाडी दिसली तर ‘थांब’ एवढाच अर्थ घ्यायचा. दिसली नाही तर वरच्या काचेत बघून मग ठरवायचं. तुमच्या बायकोला गाडी चालवायची असेल तर तिलाही हे आधी सांगा, कारण खालच्या काचेत गाड्या फार लांब वाटतात आणि पहिल्या दिवशी प्रत्येकजण फसतो.

आता दाराकडे. तुमचा ट्रक ज्या पिढीचा आहे ती १९९९ च्या मॉडेलपासून २००६ पर्यंत चालली, आणि २००७ मध्येही ‘क्लासिक’ नावाने जुनीच बॉडी विकली गेली. बॉडी एकच, पण २००३ ला आतली इलेक्ट्रिकल रचना बदलली. त्यामुळे १९९९ ते २००२ चा आरसा तुमच्या दारावर अगदी नेमका बसेल, तिन्ही बोल्ट बरोबर भोकांत जातील, आणि प्लग लागणार नाही. अडॅप्टर मिळतात, पण तुम्ही २००३ ते २००६ साठीचाच मागवा आणि हा विषय संपवा. याच पिढीच्या टाहो, सबर्बन, युकॉन, अ‍ॅव्हलांच यांचे दार-आरसे एकमेकांना चालतात, त्यामुळे जंकयार्डात (मोडीत काढलेल्या गाड्यांच्या अड्ड्यात) फक्त सिल्व्हराडो शोधत फिरू नका. २५०० आणि ३५०० नंबरचे ट्रक बघा. ते ओढण्यासाठीच घेतलेले असतात आणि त्यांना कंपनीचे सरकणारे आरसे असण्याची शक्यता जास्त.

तुमच्या दारात काय आहे ते कसं कळणार? आधी साधी परीक्षा. आरसे बटणाने हलतात की हाताने ढकलावे लागतात? हाताने ढकलावे लागत असतील तर ती कामाच्या ट्रकची साधी आवृत्ती आहे आणि दारात आरशाची वायरच नसणार. अशा वेळी मोटरवाले आरसे घेऊ नका. स्विच, वायर, दारातून आत नेणं, सगळं उभं करावं लागतं, आणि रोज एकच माणूस चालवत असेल तर त्या मोटरचा उपयोग वर्षातून दोनदा. हाताने फिरणारे, हाताने बाहेर ओढायचे आरसे घ्या. त्यांच्यात बिघडण्यासारखं जवळपास काही नसतं.

बटणाने हलत असतील तर पुढचा प्रश्न, काच गरम होते का. हवा-एसीच्या पॅनलवर मागच्या काचेच्या डिफॉगरचं (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या हीटरचं) बटण आहे का बघा. याच बटणावर आरशाचा हीटरही चालतो. बटण दाबून पाचेक मिनिटांनी काचेला हात लावा. कोमट लागली तर वायर आली आहे. बटणच नसेल तर गरम काचेचा आरसा घेऊनही तो तुमच्यासाठी थंडच राहील, जोवर तुम्ही वेगळा रिले, फ्यूज आणि वायर टाकत नाही.

इथे माझा सल्ला परिस्थितीवर अवलंबून आहे. माझ्याकडे, मिशिगन सरोवरावरून येणाऱ्या बर्फात, काच गरम होत नसेल तर डिसेंबरात आरसा म्हणजे पांढरी पाटी. इथल्या माणसाला मी हीटरशिवाय आरसा विकतच नाही. तुम्ही डॅलसला. वर्षातले थोडे दिवस सोडले तर हीटर तुमच्या फार कामाचा नाही. ट्रेलर घेऊन हिवाळ्यात कोलोरॅडोला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. उन्हाळ्यातच फिरणार असाल तर त्या पैशांत चांगली काच आणि घट्ट हात असलेला आरसा घ्या.

इंडिकेटरवाल्या आरशाबद्दल मी थोडा नाखूश आहे हे आधीच कबूल करतो. दिसायला छान, शेजारच्या गाडीला थोडी मदतही होते. पण दारात त्याची वायर नसेल तर ती तुम्हाला ओढावी लागते, आणि इथेच घरगुती कामं फसतात. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत फसलोय. एका ट्रकला असे आरसे बसवले आणि ट्रेलरच्या चार पिनी सॉकेटच्या वायरीवरून इंडिकेटरची लाइन घेतली, कारण ती हाताशी होती. गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर पडली, कोपऱ्यावर ब्रेक लागला आणि दोन्ही आरशांतले बाण लाल सिग्नलसारखे पेटून उभे. मालक परत आला तो हसत आला, म्हणून माझी लाज राखली गेली. कारण साधं होतं. तुमच्या ट्रकमध्ये मागे ब्रेकचा आणि इंडिकेटरचा दिवा एकच असतो, आणि चार पिनी सॉकेटलाही तीच एकत्र लाइन जाते. म्हणून आरशाच्या बाणाची वायर नेहमी पुढच्या इंडिकेटरवरून घ्यायची, तिथे ब्रेक मिसळलेला नसतो. एलईडी बाणाला करंट अगदी कमी लागतो, १८ गेजची वायर पुरते, आणि सुरुवातीलाच छोटा फ्यूज टाका. निळे चिमटीवाले जोड वापरू नका. ते आत वायर अर्धवट कापतात आणि हवेतली ओल आत शिरली की दोन वर्षांत हिरवे पडतात. नीट क्रिंप करा (पक्कडीने दाबून जोडा), वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा.

वायर दारात नेताना दार आणि गाडीच्या बॉडीचा खांब यांच्यामधल्या रबरी बूटातूनच, म्हणजे वायरींवरच्या रबरी नळीतूनच, न्या. ते बूट दोन्ही बाजूंनी सोडवायचं, कपड्याच्या हँगरची तार आतून घालायची, तिच्या टोकाला वायर टेपने बांधायची आणि ओढून घ्यायची. वाचायला सोपं आहे, करताना बोटं सोलतात. बूटाला भोक पाडून बाहेरून नेलेली वायर मी अनेकदा बघितलीय. दार बंद होताना ती रोज थोडी थोडी चिरडते.

याच बूटावरून आठवलं. आरसा कधी हलतो, कधी हलत नाही, असं होत असेल तर मोटरला दोष देण्याआधी हे करा. बटण दाबून ठेवा आणि दार हळूहळू उघडा-मिटा. एका विशिष्ट कोनात आरसा चालू झाला तर बूटाच्या आत एखादी वायर तुटलेली आहे. नवीन आरसा लावूनही तो दोष तसाच राहणार. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा कट-कट आवाज येतो, तर मोटरचा दात झिजलाय किंवा काचेच्या मागचे प्लास्टिकचे अडकण तुटलेत. अजिबात आवाज नाही, तर फ्यूज, स्विच, प्लग या क्रमाने बघा. २००३ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या दारात स्विचमागे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे, तेव्हा टेस्ट लॅम्प घेऊन दिसेल त्या वायरीला टोचत बसू नका. मल्टिमीटर वापरा.

आता तुमची तडकलेली काच. ट्रेलरचे आरसे घ्यायचे ठरलं तर या काचेवर खर्च करू नका. पण तुम्ही म्हणता की ट्रेलर वर्षातून तीन-चारदाच बाहेर काढणार. मग जुने आरसे ठेवून क्लिपवाले, म्हणजे मूळ आरशावरच पट्ट्यांनी अडकवायचे, जोड-आरसे चालतील का, हा विचारही रास्त आहे. त्यावर पुढे बोलतो. तसं ठरलं तर काच बदलायची ती अशी.

काच प्लास्टिकच्या पाठीवर चिकटलेली असते आणि ती पाठ मोटरवर अडकणांनी बसते. तडकलेल्या काचेवर आधी चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मारा, म्हणजे तुकडे मांडीवर पडणार नाहीत. हातमोजे आणि चष्मा घालाच. काचेची वरची कड दोन्ही अंगठ्यांनी आत दाबा. खालची कड आरशाच्या खोक्यातून बाहेर डोकावेल. त्या फटीत प्लास्टिकची पट्टी किंवा कापड गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घाला आणि एकेक अडकण सोडवा. थंडीत प्लास्टिक काचेसारखंच मोडतं, म्हणून मी हीट गनने जरा ऊब देतो. डॅलसला ऊनच पुरेल. काच गरम होणारी असेल तर ती हातात आली की मागे हीटरच्या दोन वायरी दिसतील. त्या प्लगला धरून काढा, वायरीला ओढू नका. नवी काच बसवताना तळहात काचेच्या बरोबर मध्ये, मोटरच्या वर, ठेवून सरळ दाबा. ‘टक’ असा एक आवाज येतो, मग आणखी एक. ते आवाज आले नाहीत तर काच बसलेली नाही आणि पहिल्या खड्ड्यात ती रस्त्यावर असेल. कडेवर दाबलंत तर हातातच फुटेल.

जुन्या काचेवरच चिकटवायच्या काचा स्वस्तात मिळतात. माझं मत विचाराल तर तात्पुरतं ठीक. दोन थर झाले की हीटरची ऊब बाहेर पोचत नाही, आणि खालची काच तडकून वर-खाली झाली असेल तर वरची थोडी वाकून बसते आणि लांबच्या गाड्या पाण्यात दिसल्यासारख्या दिसतात.

थरथर हा माझा आवडता विषय, कारण इथे लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात. मागे एक गृहस्थ नवे आरसे ऑर्डर करायलाच आले होते, किमतीही ठरवून. मी दार उघडलं, आतला तिकोनी कव्हर काढला, तीन नट बघितले. दोन हातानेच फिरत होते. दहाचा पाना लावून घट्ट केले, संपलं. ते गृहस्थ दोन वर्षं हलणारा आरसा बघत गाडी चालवत होते. तेव्हा सगळ्यांत आधी हे तीन नट.

ते घट्ट असतील तर थरथर कुठून येते ते हाताने शोधा. एक हात आरशाच्या बुडावर, दुसऱ्याने टोक हलवा. बुडाशी खेळ असेल तर घडी घालायचा सांधा सैल झालाय. काही आरशांत त्याखाली नट असतो, तो कसता येतो; काहींत स्प्रिंग दबून गेलेली असते आणि मग इलाज नाही. सरकणाऱ्या आरशात खेळ हाताच्या नळ्यांमध्ये असतो. तिथे ग्रीस घालू नका, धूळ धरतं आणि नळी आणखी झिजते. नळ्या स्वच्छ पुसून सिलिकॉनचा हलका फवारा द्या, आणि आतली प्लास्टिकची पट्टी झिजली असेल तर तिथे नायलॉनची पातळ चिप सारली तर वर्षानुवर्षं टिकते. आरसा घट्ट आणि काच एकटीच नाचते असं असेल तर काचेमागच्या अडकणात ढिलाई आहे. काच काढून प्लास्टिकच्या पाठीला, मोटरभोवती, मऊ फोमची पट्टी चिकटवा. इतकी जाड नको की काच हलायलाच नकार देईल.

नवे आरसे बसवणं हे तुमच्यासारख्या पाना धरणाऱ्या माणसाला सहज जमेल. दाराच्या आतल्या कोपऱ्यातला तिकोनी कव्हर ओढून निघतो. काही गाड्यांत त्यात छोटा स्पीकर असतो, त्याची वायर सांभाळा. प्लगपर्यंत हात पोचला नाही तर दाराचं पॅनल काढा. खिडकीच्या बटणांचं चौकट उचलून, आत लपलेले स्क्रू काढून, पॅनल सरळ वर उचलायचं. बाजूला ओढलं तर अडकण तुटतात. नट काढण्याआधी दाराच्या पोकळीत एक जुनं फडकं कोंबा. नट आत पडला तर तो दाराच्या तळाशी जातो, आणि मग तुम्ही अर्धा तास चुंबक लावलेली काठी घेऊन बसता. आरसा काढताना बाहेर कोणीतरी धरायला हवा, नाहीतर शेवटचा नट निघताच तो रंगावर घासत खाली येतो. नवा बसवताना आरशामागचा फोम नीट बसलाय का बघा. तो दुमडला तर ताशी ६० मैलांच्या पुढे शिटी वाजते आणि पावसात दारात पाणी जातं. तिन्ही नट थोडे थोडे करून आळीपाळीने कसा, एकदम एकच नाही, आणि फार जोर नको. बोल्ट प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात. एकदा गरागरा फिरायला लागला की आरसा गेला.

बाजारातल्या स्वस्त जोड्या घ्यायच्या की जंकयार्डातले कंपनीचे? मी कंपनीचे जुने घेईन, जर त्यांच्या हातात खेळ नसेल. जंकयार्डात आरसा पूर्ण बाहेर ओढून टोक हलवून बघा. स्वस्तांत काही चांगले निघतात, पण दोन गोष्टी बिघडतात. एलईडीच्या बाणात पाणी साचतं, आणि सपाट म्हणून विकलेली काच सपाट नसते. हे ओळखायला उपकरण लागत नाही. आरसा हातात धरून त्यात विजेचा खांब किंवा गॅरेजच्या दाराची कड बघा आणि डोकं सावकाश हलवा. रेघ सरळ राहिली तर काच चांगली. ती सापासारखी हलली तर परत पाठवा, परत घेण्याची मुदत संपायच्या आत.

आता क्लिपवाले. वर्षातून तीन-चार सहली, तेही बहुतेक टेक्सासमध्येच, असं असेल तर चांगल्या पट्ट्यांचे जोड-आरसे बेकायदा नाहीत आणि वाईटही नाहीत, फक्त ते २०० फूट दाखवायला हवेत. त्यांची अडचण थरथर आणि दर थांब्याला थोडंसं फिरलेलं तोंड. माझा कल तरीही सरकणाऱ्या आरशांकडे, कारण तुमचे मूळ आरसे तसेही झिजलेत आणि एक काच गेलेली आहे. दोन्हीवर थोडा थोडा खर्च करण्यापेक्षा एकदाच. ट्रेलर सोडला की आत सरकवून ठेवा, शहरात आणि पार्किंगमध्ये बाहेर काढलेला आरसा दुसऱ्याच्या आरशाला भेटायला जातो.

बसवल्यावर आरसे लावायचे ते ट्रेलर जोडूनच. वरच्या सपाट काचेत आतल्या कडेला ट्रेलरची भिंत अगदी बोटभर दिसावी, बाकी सगळा रस्ता, क्षितिज साधारण मध्यावर. खालच्या काचेत ट्रेलरचं चाक आणि त्याखालची जमीन. रिकामी गाडी असताना लावलेले आरसे ट्रेलर जोडल्यावर चुकीचे होतात, कारण मागचं टोक दबतं आणि पुढचं वर उचलतं. हो, ब्रेक कंट्रोलर आहे ना? टेक्सासमध्ये एकूण ४५०० पौंडांपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, आणि २४ फुटी सहज त्यापुढे जातो.

मागे घेताना एक युक्ती, मी नवख्यांना पहिल्या दिवशी हीच शिकवतो. ज्या आरशात ट्रेलर मोठा होत चाललाय, त्या आरशाकडे स्टिअरिंग वळवा, ट्रेलर सरळ होतो. आणि आरसे कितीही मोठे असले तरी ट्रेलरच्या बरोबर मागे काहीच दिसत नाही. सांगलीकडे ट्रक मागे घेताना क्लीनर उतरून पत्र्यावर थापा मारत ‘येऊ दे, येऊ दे... बास!’ म्हणायचा, ते इथेही करा. बायकोला किंवा मुलाला खाली उतरवा, आणि त्यांना एकच सांगा: तुम्हाला आरशात मी दिसत नसेन तर मलाही तुम्ही दिसत नाही. मी गाडी थांबवणार.

तर तुम्ही उद्या एवढं करा. तिकोनी कव्हर काढा, नट तपासा, प्लगचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, त्यात किती पिनांना वायर आहे आणि किती रिकाम्या आहेत ते दिसायला हवं. डिफॉगरचं बटण आहे की नाही आणि ट्रेलरची नेमकी रुंदी तेही लिहा. ट्रेलर ९६ चा आहे की १०२ चा त्यावर सरकणारा आरसा पुरेल की नाही ते ठरेल. फोटो आला की तुमच्या गाडीला नेमका कुठला प्लग लागतो ते सांगतो.